एलडीएच वाढलाय म्हणजे नक्की काय?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी "वीस मिनिटं बोल" म्हणून फोन केला तेव्हा मी मधुमेहावर बोलायचं ठरवलं होतं. आपल्या वयाला, आणि आज सकाळी नाष्ट्याला जेवढा शिरा संपला त्याला, तोच विषय जास्त शोभला असता. विषय बदलायला लावला तो आपल्याच १९८६च्या दहावीच्या तुकडीतल्या एका मित्राने. तो म्हणाला, "शुगरचं सगळ्यांना ठाऊक आहे गं. तू एलडीएचवर बोल. मला तेव्हा कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर दोन महिने झोप तरी लागली असती." त्याची हकिगत सांगायला त्याने परवानगी दिली आहे. नाव घ्यायचं नाही एवढीच अट. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून मागे वळून बघू नये.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे पेशंटला क्वचित भेटणारी, पण त्याचं रक्त आणि त्याची गाठ रोज बघणारी डॉक्टर. कुपवाडच्या माणसाला मिरज आणि दवाखाना हे दोन शब्द वेगळे शिकवावे लागत नाहीत. वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली तिथं रुग्णालय उभं केलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. पार कर्नाटकातून माणसं गाठोडं घेऊन मिरजेच्या स्टेशनवर उतरायची, ती आपण लहानपणापासून बघितली आहेत. मी तिथंच शिकले, काही वर्षं मुंबईला काढली आणि परत आले. गेली तीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसले आहे. आमच्या खोलीत एक गोष्ट रोज घडते. कागदावरचा एक आकडा बाहेर जातो आणि बाहेर बसलेलं एक घर त्या आकड्यावरून स्वतःचं भविष्य ठरवून टाकतं. आज त्या आकड्यांबद्दलच बोलायचं आहे, आणि तेही एकाच आजाराच्या संदर्भात. तो आजार म्हणजे लिम्फोमा.

लहानपणी पायात बाभळीचा काटा रुतला की जांघेत अवधाण यायचं, आठवतं? दाबलं की दुखायचं. आजी हळदीचा लेप लावायची आणि चार दिवसांत ते बसायचं. ती लसिका ग्रंथी. गळ्यात, काखेत, जांघेत, छातीत, पोटात अशा शेकडो ग्रंथी आहेत. शरीरात काही घुसलं की तिथल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कामाला लागतात, ग्रंथी सुजते, काम झालं की उतरते. लिम्फोमात याच पेशींपैकी एखादी बिघडते आणि थांबायचं विसरते. गाठ येते, बहुतेकदा दुखत नाही, आणि उतरतही नाही. लंडनच्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरने १८३२ साली अशा रोग्यांचं पहिलं वर्णन लिहिलं, म्हणून यातल्या एका प्रकाराला हॉजकिन म्हणतात. त्यातली विशिष्ट पेशी डोरोथी रीड या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९०२ साली बारकाईने दाखवून दिली. काचेवर ती पेशी घुबडाच्या दोन डोळ्यांसारखी आपल्याकडे टक लावून बघते. बाकीचे सगळे प्रकार नॉन-हॉजकिन या एका मोठ्या पोत्यात भरलेले आहेत. त्यांत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार मोठ्या बी-पेशींचा, झपाट्याने वाढणारा. आपल्या मित्राला झाला होता तो हाच.

त्याला मानेत गाठ आली, संध्याकाळी ताप यायला लागला, रात्री बनियन भिजून जायचं, वजन उतरलं. एमआयडीसीतली पाळी सुटली. एका डॉक्टरांनी टीबी समजून औषधं सुरू केली. तीन महिने गेले. मी त्या डॉक्टरांचं नाव घेणार नाही, आणि त्यांना नुसता दोष देणंही मला पटत नाही. मानेत गाठ, ताप, घाम, वजन कमी, ही सगळी लक्षणं दोन्ही आजारांत सारखीच असतात आणि आपल्या देशात टीबी कितीतरी जास्त आहे. संशय टीबीचा यावा यात चूक काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की गाठीचा तुकडा तपासायला पाठवल्याशिवाय महिनोन्‌महिने औषध खाऊ नये. आणि शक्य असेल तिथं नुसती सुई न घालता पूर्ण ग्रंथी काढून पाठवावी. सुईने आलेल्या चार पेशींवरून लिम्फोमाचा प्रकार ठरवणं म्हणजे चार विटा बघून वाडा ओळखण्यासारखं आहे.

इथं एक गैरसमज आधी दूर करते. लिम्फोमा आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीवरून ठरत नाही. ते गाठीच्या तुकड्यावरूनच ठरतं. पुष्कळ जण 'कॅन्सरची रक्ततपासणी' म्हणून पॅकेज करून घेतात आणि नॉर्मल आलं की गाठ विसरून जातात. तसं करू नका. निदान झाल्यावर पुढचा प्रश्न येतो. हा आजार कितपत जोरात आहे, औषधाला कसा वागेल, कुठं जपायला हवं? तिथं रक्त बोलायला लागतं.

त्यातला सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत कामाचा बोलका म्हणजे एलडीएच. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. नाव मोठं आहे, पण काम साधं आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हे विकर असतं आणि साखरेपासून शक्ती तयार करण्याच्या वाटेवर ते एक टप्पा सांभाळतं. पेशी धडधाकट असेल तर ते आतच राहतं. पेशी फुटली, मेली, की रक्तात सांडतं. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत रोज असंख्य पेशी जन्मतात आणि असंख्य मरतात, म्हणून एलडीएच चढतं. गाठींचा एकूण पसारा किती आणि त्यांची धामधूम किती, याचा तो अंदाज आहे. तपासणी स्वस्त आहे आणि कुपवाडातल्या लहान लॅबमधूनही होते.

पण ज्याच्या त्याच्या पेशीत जे असतं ते सांडायला कारणंही हजार. हृदयविकाराचा झटका, यकृताची सूज, स्नायूंना मार, एवढंच काय पण बी-१२ची कमतरता. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवीन नाही, आणि ते फारच कमी झालं तर एलडीएच हजारांच्या घरात जातं. असा रिपोर्ट घेऊन एक घर माझ्यासमोर रडत बसलं होतं. आजोबांना कॅन्सर नव्हताच. महिनाभर इंजेक्शनं घेतली आणि आजोबा स्वतः चालत येऊन मला पेढे देऊन गेले.

आणखी एक कारण आहे, आणि ते आम्हा लॅबवाल्यांच्या घरातलं आहे. तांबड्या पेशींमध्ये एलडीएच रक्तद्रवाच्या शंभर पटीहून जास्त असतं. रक्त काढताना बारीक सुईतून जोरात ओढलं, ट्यूब हलवली, उन्हात फिरवली, की तांबड्या पेशी फुटतात आणि आकडा उगाच वर जातो. तासगावकडच्या द्राक्षबागा असलेल्या एका गावातल्या आजी लिम्फोमाचे उपचार घेत होत्या. तिसऱ्या केमोनंतर एलडीएच एकदम तिप्पट आलं. नातवाने घरी कुणाला न सांगता दिवसभर कागद खिशात ठेवला आणि संध्याकाळी माझ्याकडे आणला. मी विचारलं, रक्त कुठं काढलं? गावातच. लॅबपर्यंत कसं आलं? मोटारसायकलच्या डिकीतून, मे महिन्यात. पुन्हा रक्त घेतलं. सीरम स्वच्छ, गवती चहासारखं फिकट पिवळं. आकडा नॉर्मल. पहिल्या नमुन्याचं सीरम गुलाबी असणार, आणि ते कुणीतरी बघायला हवं होतं. म्हणून सांगते, एलडीएच अचानक उडालं तर आधी पुन्हा तपासा, रडायचं असेल तर मग रडा. आणि हा नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नसतो, हेही सांगून ठेवते. थंडीत त्यातले काही प्रकार नाहीसे होतात आणि आकडा खोटा कमी येतो.

अजून एक. एका लॅबची वरची मर्यादा २५०च्या आसपास असते, दुसऱ्या पद्धतीत ती ४००च्या पुढे असते. म्हणून "माझं ३८०, तुझं किती?" अशी तुलना वेटिंग रूममध्ये करू नका. आकड्याच्या शेजारी त्या लॅबची मर्यादा छापलेली असते. आपला आकडा तिच्या किती पट आहे, एवढंच बघायचं. आणि शक्यतो एकाच लॅबमधून तपासत राहायचं.

एलडीएचच्या मानाने बाकीची मंडळी मी भराभर सांगते. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, त्यांतल्या लिम्फोसाइट, आणि अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिन. हॉजकिनच्या पसरलेल्या आजारासाठी १९९८ साली सात गोष्टींची एक यादी तयार झाली. त्यातल्या चार या जांभळ्या आणि लाल झाकणाच्या दोन साध्या ट्यूबांमधूनच कळतात. हिमोग्लोबिन १०.५च्या खाली, अल्ब्युमिन ४च्या खाली, पांढऱ्या पेशी १५ हजार किंवा जास्त, आणि लिम्फोसाइट ६००च्या खाली किंवा ८ टक्क्यांहून कमी. लिम्फोसाइटच्याच आजारात रक्तातल्या लिम्फोसाइट कमी झालेल्या वाईट, हे ऐकायला उलटं वाटतं. पण रक्तात फिरणाऱ्या त्या निरोगी पेशी असतात, आणि त्या घटल्या म्हणजे शरीराचा बंदोबस्त ढिला पडला. अल्ब्युमिनच्या बाबतीत मात्र मी आपल्याकडे सावध राहते. आजाराच्या दाहानेही ते उतरतं आणि पोटाला पुरेसं न मिळाल्यानेही. ऊसतोडीच्या टोळीतली बाई आली तर तिचं अल्ब्युमिन आजार होण्याच्या आधी किती होतं, कोण सांगणार?

आणि ईएसआर. आमच्या लॅबमधली सर्वांत गरीब तपासणी. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण चुनखडीचं पाणी ठेवून गाळ बसायची वाट बघायचो, तेच. कोणत्याही दाहात तो वाढतो, म्हणून मोठमोठे डॉक्टर त्याला नाक मुरडतात. पण सुरुवातीच्या टप्प्यातल्या हॉजकिनसाठी युरोपातले डॉक्टर अजूनही तो विचारतात. ताप, घाम, वजन घटणं यांपैकी काही नसेल तर ५०, आणि असेल तर ३०, या रेषेच्या वर गेला की उपचार थोडे वाढवायचे. शंभर वर्षं जुन्या नळीला अजून असा मान आहे, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

आता मित्राकडे परत येते. त्याच्या गाठीचा रिपोर्ट आला, स्कॅन झाला. आजार चौथ्या टप्प्यात, हाडांच्या मगजात आणि यकृतात, एलडीएच मर्यादेच्या तिप्पट, आणि दुखण्यामुळे तो निम्मा दिवस अंथरुणातच. मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमासाठी एक गुणपत्रिका आहे. १९९३ साली अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या संस्थांनी हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र करून ती बनवली. वय ६०च्या पुढे असेल तर एक गुण, एलडीएच वाढलेलं असेल तर एक, तिसरा-चौथा टप्पा असेल तर एक, ग्रंथींच्या बाहेर एकाहून जास्त ठिकाणी आजार असेल तर एक, आणि स्वतःचं स्वतः उठून करता येत नसेल तर एक. पाचपैकी जितके जास्त गुण तितकं कठीण. आयुष्यात पहिल्यांदा कमी गुण मिळावेत म्हणून माणूस देव पाण्यात ठेवतो तो इथं. आपल्या मित्राला पाचपैकी चार मिळाले. शाळेत त्याला एवढे कधी मिळाले नव्हते, हे त्याचंच वाक्य आहे, माझं नाही.

हे त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. त्याने रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर स्वतः बेरीज केली. चार गुणांसमोर लिहिलं होतं, पाच वर्षांनी जिवंत २६ टक्के. सकाळी त्याने बायकोला सांगितलं की उपचार नकोत, मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे तसेच राहू देत, चौघांत तिघे जातात तिथं मी कशाला नादी लागू? वहिनींनी मला फोन केला. आम्ही शाळेत एका बाकाआड बसायचो म्हणून केला, मी डॉक्टर म्हणून नव्हे, असं त्या नंतर म्हणाल्या.

मी घरी गेले. तो म्हणाला, "या डॉक्टरीणबाई, निकाल लागलाय."

मी त्याला एकच विचारलं. "ते पान कुठल्या सालचं आहे?"

ते १९९३ सालचं होतं. त्या हिशेबातल्या माणसांवर उपचार त्याच्याही आधी झालेले होते, ८०च्या दशकात. म्हणजे आपण सातवी-आठवीत होतो तेव्हाच्या औषधांवर. त्यानंतर रिट्युक्सिमॅब आलं. बी-पेशीच्या अंगावर सीडी२० नावाची खूण असते, तिला जाऊन चिकटणारं औषध. १९९७ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. २००२ साली ६० ते ८० वर्षं वयाच्या ३९९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या केमोने गाठी पूर्ण विरघळल्या ६३ टक्के लोकांच्या, हे औषध जोडल्यावर ७६ टक्क्यांच्या. आपल्याकडे ते औषध फार महाग होतं. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची देशी आवृत्ती काढली, आणि मिरजेसारख्या गावातल्या डॉक्टरांना ते लिहून देण्याची हिंमत होऊ लागली.

त्याच २००७ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या डॉक्टरांनी तीच गुणपत्रिका नव्या औषधावरच्या ३६५ रुग्णांना लावून बघितली. शून्य गुणवाले चार वर्षांनी ९४ टक्के जिवंत. एक-दोन गुणवाले ७९ टक्के. तीन, चार, पाच गुणवाले, म्हणजे आपल्या मित्राच्या बाकावरचे, ५५ टक्के. एक हिशेब पाच वर्षांचा आहे आणि दुसरा चार वर्षांचा, शिवाय त्यांनी तीन ते पाच गुणवाले एकत्र धरले, म्हणून दोन्हींची वजाबाकी करू नये. पण बघा, माणसाचे गुण तेच, एलडीएच तेच, आणि निकाल मात्र केवढा बदलला. रक्तातला आकडा आजाराचा जोर सांगतो. समोर कोणतं औषध उभं आहे हे त्याला माहीत नसतं.

मी त्याला आपल्या शाळेच्या निकालाचं उदाहरण दिलं. शाळेचा दहावीचा निकाल ५५ टक्के लागला म्हणून कुणी पोरगा ५५ टक्के पास होत नाही. कुणी पास होतो, कुणी नापास. सरांना सहामाहीवरून अंदाज असायचा, बहुतेकदा खराही ठरायचा. पण ज्यांच्याबद्दल सरांनी हात टेकले होते त्यांतले दोघे आज या मेळाव्याचा मंडप आणि जेवण सांभाळत आहेत. आणि सर, तुमचा अंदाज वाईट होता म्हणून मुलाला परीक्षेलाच बसवू नका, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. उलट रविवारी जादा तास घेतलेत.

एलडीएचचा खरा उपयोग त्या जादा तासासारखा आहे. आकडा मोठा आला म्हणजे डॉक्टरला काय काय कळतं बघा. पहिल्या केमोला एवढ्या पेशी एकदम मरतील की त्यांचा राडा मूत्रपिंडात अडकू शकतो. म्हणून युरिक ॲसिड, पोटॅशियम, क्रिएटिनिन वारंवार तपासायचं, आधीपासून भरपूर सलाइन आणि युरिक ॲसिडचं औषध द्यायचं. असे रुग्ण पहिल्या आठवड्यात दगावू शकतात, आणि हे टाळता येतं. एलडीएच वाढलेलं, शिवाय आजार दोन-तीन अवयवांत, म्हणजे मेंदूच्या आवरणात आजार शिरण्याचा धोका जास्त, तिकडे लक्ष ठेवायचं. आणि आजाराचा अंदाज न देणारी, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तपासणी म्हणजे हिपॅटायटिस बी. रिट्युक्सिमॅबने शरीराचा पहारा उतरतो आणि यकृतात वर्षानुवर्षं झोपलेला बी विषाणू उठतो. नुसती पृष्ठभागाची तपासणी पुरत नाही, जुनी लागण दाखवणारी अँटी-कोअर तपासणीही करायला लागते. आपल्या मित्राची ही दुसरी तपासणी पॉझिटिव्ह निघाली. त्याला औषध आधी सुरू झालं, मग केमो. ज्या आकड्याने तो घाबरला त्याने त्याला काही केलं नसतं. ज्या तपासणीचं नावही त्याला माहीत नव्हतं तिने वाचवलं.

सहा केमो झाल्या, दर २१ दिवसांनी. दुसऱ्या केमोनंतर एलडीएच मर्यादेच्या आत आलं. लग्नाचे पैसे काही गेले, काही योजनेतून वाचले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठा, लाजू नका. चार वर्षं झाली. मुलीचं लग्न गेल्या मार्गशीर्षात झालं आणि वरातीत हा नाचला, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी बघितलंय.

मी इथंच थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण दुसरी बाजूही सांगते. आमच्या गल्लीतला एक पोरगा, बत्तीस वर्षांचा. आजार पहिल्या टप्प्यातला, एलडीएच नॉर्मल, पाचपैकी शून्य गुण. त्या ९४ टक्क्यांच्या बाकावरचा. उपचार व्यवस्थित झाले, गाठ गेली, दहा महिन्यांत परत आली आणि दुसऱ्या वर्षी तो गेला. त्याची आई भाजी घ्यायला भेटते. एकदा म्हणाली, "तुझं मशीन तर चांगलं म्हणालं होतं ना गं?" मशीन खोटं बोललं नव्हतं. शंभरातल्या सहांपैकी तो एक होता. पण भर बाजारात, पिशवीत मेथीची जुडी घेऊन उभ्या असलेल्या आईला हे कसं सांगणार? मी सांगितलं नाही. तिच्या पिशवीचा एक बंद धरला आणि घरापर्यंत चालत गेले.

तो असा का गेला, याचं उत्तर बहुधा त्याच्या पेशींतल्या जनुकांत होतं आणि ते एलडीएचला दिसत नाही. म्हणून आता जगभर रक्तात आणखी खोल शोध चालू आहे. गाठीतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे रक्तात फिरतात, ते मोजायचे आणि केमोनंतर किती झपाट्याने घटतात ते बघायचं. ही तपासणी मला खरंच पुढची वाटते, पण आज ती आपल्या गावात रोजच्या वापरात नाही. त्या मानाने दुसरी एक फॅशन आहे. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर काढायचं, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांचं काढायचं. सीबीसी असतोच, भागाकार फुकट. त्यावर ढिगाने निबंध निघाले आहेत, आणि जो तो आपली वेगळी रेषा आखतो. साधी सर्दी-खोकला झाला, स्टेरॉइडची गोळी घेतली, की हे गुणोत्तर बदलतं. रिपोर्टवर ते छापून आलं असेल तर वाचा आणि सोडून द्या. त्यावरून कुणी उपचार बदलू नयेत.

औषधाच्या बाजूलाही गाडी पुढे गेली आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना लिम्फोमाची पेशी ओळखायला शिकवून, परत शरीरात सोडायच्या. पवईच्या आयआयटीने आणि टाटा हॉस्पिटलने मिळून घडवलेल्या अशा नेक्सकार१९ उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या देशात परवानगी मिळाली. परत उलटलेल्या आजारासाठी तो आहे. आणि गंमत म्हणजे, या पेशी देण्याआधीही डॉक्टर विचारतात, एलडीएच किती आहे? जास्त असेल तर तिथंही काळजी जास्त.

एक विनंती उरली आहे, ती जरा वेगळी आहे. हे जे ५५ टक्के, ९४ टक्के आपण बोलतो ते कुठून येतात? कुणीतरी पाच-पाच वर्षं माणसांचा पत्ता ठेवतं म्हणून येतात. आपल्या महाराष्ट्रात बार्शीला १९८७पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदणी चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. तिथले लोक गावोगाव जाऊन माणसं मोजतात. पण बाकी ठिकाणी काय होतं? माणूस महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जातो, परळला उपचार घेतो, बरा होतो, घरी येतो आणि फोन नंबर बदलतो. दवाखान्याच्या वहीत तो 'संपर्क तुटला' म्हणून उरतो. जिवंत आहे की नाही, कुणाला माहीत नाही. त्यामुळे आपल्या माणसांचे आपले आकडे तयार होत नाहीत आणि आपण कॅनडाच्या आकड्यांवर इथल्या ऊसवाल्याचं भविष्य सांगत बसतो. म्हणून तुमच्या ओळखीत कुणी बरं झालेलं असेल तर त्याला सांगा, वर्षातून एकदा दवाखान्यात फोन कर आणि म्हण, मी आहे. आपल्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हजेरीच म्हण की." दर जूनमध्ये लावतो.

बोलायचं ठरवलं होतं त्याहून पाच मिनिटं जास्त झाली. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलेलं मला दिसलं, अजून तेवढीच भीती वाटते. ज्यांनी मोबाइलवर रिपोर्ट आणले असतील, आणि आणले आहेत हे मला माहीत आहे, त्यांनी जेवणानंतर सातवी 'ब'च्या वर्गात यावं. नुसता शेवटचा कागद नको, आधीचे जुने रिपोर्टही घेऊन या. चष्मा माझ्याकडे आहे.